‘एवढा उत्साह आहे, मग आजारी कसा?’ : मॅनिया आणि बायपोलर आजाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या थोरल्या भावाला बायपोलर आजार आहे. पहिला मॅनिया आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता आणि मी कॉलेजात. आता मी शुभंकरांच्या एका गटात नव्याने येणाऱ्यांशी बोलते. (शुभंकर म्हणजे सांभाळणारं माणूस, आणि ज्याला आजार आहे तो शुभार्थी.) तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिलंय ते समजून घ्यायला, घरच्या घरी डोस ठरवायला नाही. दादाने हे सगळं वाचलंय आणि काही ठिकाणी माझ्याशी वाद घातलाय. ते वाद तसेच ठेवलेत.

मूड तर सगळ्यांचेच वरखाली होतात. यात आजार कुठे आला?

काहीतरी घडतं, मूड बिघडतो, दोन दिवसांनी माणूस ताळ्यावर येतो. हे झालं रोजचं. बायपोलरमध्ये मूड एकदा सुटला की कारण असो नसो, आठवडेच्या आठवडे, कधी महिने तसाच राहतो. आणि प्रश्न नुसत्या मूडचा नसतो. झोप, भूक, बोलण्याचा वेग, अंगातली ताकद, पैशाचा हिशेब, दुसऱ्यावरचा विश्वास, सगळंच त्याच्याबरोबर हलतं. एका टोकाला मॅनिया म्हणजे उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य, आणि मधल्या काळात माणूस पुष्कळदा अगदी नेहमीसारखा. सकाळी हसला, दुपारी चिडला, रात्री रडला, एवढ्यावरून कोणी बायपोलर ठरत नाही. लहरी माणसाला ‘बायपोलर आहे नुसता’ म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. आमच्या घरात त्यावर कोणी हसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. आजार जुनाच, नाव तेवढं नवं. १८५०च्या दशकात पॅरिसमधल्या फालरे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी, एकमेकांशी श्रेयावरून भांडत, उन्माद आणि उदासी हे एकाच आजाराचे दोन चेहरे असल्याचं मांडलं. जर्मनीत मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिनने १८९९ मध्ये त्याला मॅनिक-डिप्रेसिव्ह म्हटलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘बायपोलर’ हा शब्द १९८० मध्ये आला.

मॅनिया म्हणजे खूप आनंद होणं का?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच, म्हणून इथे थोडं थांबते.

दादाच्या दुसऱ्या मॅनियातली एक रात्र. पहाटे साडेतीनला मी पाणी प्यायला उठले, तर हॉलमध्ये दिवे लख्ख. त्याने कपाटातले सगळे खण काढून जमिनीवर मांडले होते आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर स्केचपेनने बाण काढत बसला होता. एका बाणाच्या टोकाला त्याच्या ऑफिसचं नाव, दुसऱ्याच्या टोकाला ‘पाणी’, तिसऱ्याच्या टोकाला ‘सगळे’. मला बघून म्हणाला, “बरं झालं उठलीस. बस. तुलाही यात घेतलंय.” मी म्हटलं, दादा, झोप आता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला हातातलं सोनं नदीत टाकायला सांगतेय. ती जागरणाची चौथी रात्र होती, आणि तो जराही दमलेला नव्हता. आठवड्याभराने तेच स्केचपेन त्याने आईच्या अंगावर भिरकावलं, कारण तिने एकच प्रश्न दोनदा विचारला होता.

सुरुवातीला खुशी असते, नाही असं नाही. पण पुष्कळांच्या मॅनियात खुशीपेक्षा चिडच जास्त दिसते, आणि घरचे म्हणतात, ‘माज आलाय याला.’ डॉक्टर मूडच्या जोडीला वाढलेली ऊर्जा आणि हालचालही बघतात. त्याशिवाय पुढच्यांपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: स्वतःविषयी अवाजवी मोठेपणा, झोपेची गरजच कमी होणं, थांबता न येणारं बोलणं, डोक्यात विचारांची पळापळ, कुठेच लक्ष न टिकणं, एकदम दहा कामं काढणं किंवा नुसती अस्वस्थ हालचाल, आणि अंगाशी येईल असा खर्च, गाडी चालवणं, शरीरसंबंध किंवा धंद्यातली उडी. मूड नुसताच चिडका असेल तर तीनऐवजी चार. हे सगळं किमान एक आठवडा, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असावं लागतं. रुग्णालयात भरती करायची वेळ आली असेल तर दिवस मोजत बसत नाहीत.

मॅनिया फार चढला की भास आणि भ्रमही होतात. आपल्याला खास कामगिरीवर पाठवलंय, टीव्हीवरचा माणूस आपल्याशीच बोलतोय, शेजारी पाळत ठेवून आहेत, असं काहीही.

दादाचं इथे म्हणणं: “तू बाहेरून दिसलेलं लिहिलंस. आतून मला असं वाटत होतं, की आयुष्यात पहिल्यांदाच मला सगळं नीट कळतंय. ते खोटं होतं हे पटायला तीन महिने लागले, आणि पटल्यावर फार वाईट वाटलं.”

हायपोमॅनिया म्हणजे काय?

तोच सूर, खालच्या पट्टीत. निदान चार दिवस टिकतो, लोकांच्या लक्षात येतो, पण काम बंद पडत नाही, भरती करावं लागत नाही, भास-भ्रम नसतात. या काळात माणूस कधीकधी झपाट्याने काम करतो आणि वरून कौतुकही होतं. ते फसवं ठरू शकतं. हायपोमॅनिया काहींचा तसाच ओसरतो, काहींचा मॅनियापर्यंत चढतो, आणि पुष्कळदा मागोमाग नैराश्य येतं.

टाइप १ आणि टाइप २ म्हणजे जास्त आणि कमी असं का?

नाही. टाइप १ म्हणजे आयुष्यात एकदा तरी पूर्ण मॅनिया येऊन गेलाय. टाइप २ म्हणजे हायपोमॅनिया आणि मोठं नैराश्य. टाइप २ मधलं नैराश्य लांबतं आणि पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे त्याला ‘सौम्य’ म्हणू नये. शिवाय सायक्लोथिमिया आहे: दोन वर्षं किंवा जास्त काळ चाललेले लहान चढउतार. वर्षभरात चार किंवा अधिक एपिसोड (मॅनियाचे किंवा नैराश्याचे झटके) आले तर त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतात. हा शब्द ऐकून ‘तासातासाला मूड बदलतो’ असं समजू नका.

एकाच वेळी दोन्ही असू शकतं का?

असू शकतं, आणि ती अवस्था फार जिकिरीची. मन काळवंडलेलं, पण अंगात मॅनियाचा जोर. रडत रडत येरझाऱ्या, झोप नाही, विचार थांबत नाहीत. डॉक्टर याला मिश्र अवस्था म्हणतात. स्वतःला इजा करायचा विचार आणि तो अमलात आणायची ताकद इथे एकत्र येते. असं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

आधी डिप्रेशन म्हणाले, आता बायपोलर म्हणतात. आधीचे डॉक्टर चुकले का?

बहुधा नाही. पुष्कळांचा आजार नैराश्यानेच सुरू होतो, आणि माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती खाली असताना. ‘डॉक्टर, गेल्या वर्षी मला दोन आठवडे फार मस्त वाटत होतं’ अशी तक्रार घेऊन कोण जातं? त्यामुळे नेमकं निदान व्हायला अनेकांची बरीच वर्षं जातात.

आमच्याकडेही हेच झालं. पहिल्या डॉक्टरांनी दादाला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं आणि तीन आठवड्यांत तो मॅनियात उडाला. पुढे वर्षभर मी त्या डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होते. मग एकदा आईच म्हणाली, आदल्या उन्हाळ्यात त्याने नोकरी सोडून दोन कंपन्या काढायचं ठरवलं होतं, रात्र-रात्र झोपत नव्हता, हे आपण त्यांना सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं, ही माझी तक्रार अजून आहे, पण निम्मा दोष आमच्या पदरात घेते.

बायपोलरमध्ये नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर काही जणांत मॅनिया उसळतो. म्हणून नैराश्यासाठी जात असलात तरी आयुष्यातले ‘खूप चढलेले’ दिवस डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि जमल्यास घरातलं कोणी बरोबर न्या.

रक्त तपासून किंवा स्कॅन करून कळतं का?

नाही. निदान होतं ते बोलण्यातून, इतिहासातून आणि घरच्यांच्या सांगण्यातून. रक्त तपासतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. थायरॉइड वाढलेला असणं, स्टेरॉइडच्या गोळ्या, काही नशेचे पदार्थ यांनीही मॅनियासारखं चित्र उभं राहतं.

हा आजार होतो कशाने? आमच्या वागण्याने झाला का?

तुमच्या वागण्याने झाला नाही. आई-वडिलांना हे वाक्य मी दोनदा म्हणते, कारण पहिल्यांदा त्यांना ते ऐकूच येत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण एकच असं जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा परिणाम आहे. साधारण लोकसंख्येत बायपोलरची शक्यता १ टक्क्याच्या आसपास धरतात. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलात ती ५ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ९० टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता न होण्याचीच. एकसारख्या जुळ्यांत एकाला असूनही दुसऱ्याला दर वेळी होतोच असं नाही, यावरून सगळं जनुकांत नाही हे दिसतं. आजार बहुधा विशीच्या अलीकडेपलीकडे डोकं वर काढतो. मोठा ताण, जागरण, बाळंतपण, दारू, गांजा यांनी ठिणगी पडते, पण दारूगोळा आधीपासून असतो.

डॉक्टर दर वेळी झोपेचंच का विचारतात?

कारण झोप चहाडी करते. मूडबद्दल माणूस खोटं बोलू शकतो, स्वतःशीसुद्धा. झोपेचे तास मोजता येतात.

एक फरक नीट समजून घ्या. निद्रानाश झालेला माणूस तीन तास झोपला की दुसऱ्या दिवशी मेल्यासारखा असतो आणि झोप यावी म्हणून तळमळतो. मॅनिया येऊ घातलेला माणूस तीन तास झोपून ताजातवाना उठतो आणि म्हणतो, ‘झोप हवीये कोणाला!’ हे वाक्य घरात ऐकू आलं की कान टवकारा.

झोप कमी होणं हे मॅनियाचं लक्षणही आहे आणि कारणही. रात्रपाळी, परीक्षेचं जागरण, तान्हं मूल, लांबचा विमानप्रवास यातून झोप मोडते, तिच्यातून मॅनिया चढतो, मॅनियामुळे झोप आणखी उडते. म्हणून उपचारात गोळ्यांच्या बरोबरीने दिवसाचं वेळापत्रक बांधायला शिकवतात. उठणं, पहिल्यांदा कोणाशी तरी बोलणं, जेवण, कामाला लागणं, झोपणं, सगळं रोज शक्यतो त्याच वेळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन फ्रँक यांनी यावरच एक उपचारपद्धती उभी केली.

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. रोज सकाळी दादा तिच्यात फक्त एक आकडा लिहितो, किती तास झोपलो तो. शेरा नाही, मूड नाही. मोबाइलमध्ये यासाठी ॲप आहेत, पण वही फ्रिजवर असते आणि सगळ्यांना दिसते, एवढा तिचा फायदा. सलग दोन रात्री पाचच्या खाली आकडा आला की वहिनी डॉक्टरांना फोन करते. दादाला विचारून नाही, सांगून. हे त्यानेच ठरवून दिलंय.

लिथियम? ते बॅटरीतलं?

तेच मूलद्रव्य, पण गोळीत त्याचा क्षार असतो. १९४० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने गिनीपिगना लिथियम टोचलं आणि ते शांत पडून राहिलेले बघितले. मग स्वतः घेऊन पाहिलं, आणि उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण वर्षानुवर्षं उन्मादात होता. काही महिन्यांत तो सुधारून घरी गेला. पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. घरी गेल्यावर त्याने औषध सोडलं, उन्माद परत आला, पुन्हा लिथियम सुरू केलं, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. तेव्हा रक्तातलं प्रमाण बघत डोस ठरवायची पद्धत बसलेली नव्हती.

या औषधाचा सगळा स्वभाव त्या एका माणसाच्या गोष्टीत आहे. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून ‘लेव्हल’ काढतात. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. सकाळची गोळी घेऊन गेलात तर आकडा चुकतो. बहुतेकांची लेव्हल लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान ठेवतात. १.५ च्या वर धोका. सुरुवातीला आठवड्याला, स्थिरावल्यावर काही महिन्यांनी तपासणी, आणि साधारण दर सहा महिन्यांनी किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम.

घरात माहीत हवं ते असं: जुलाब, उलट्या, ताप, खूप घाम यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लेव्हल चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही चढते. मीठ एकदम बंद केलं तरी चढते. हात बारीक थरथरणं बऱ्याच जणांना असतं. पण थरथर मोठी झाली, जीभ जड झाली, तोल जायला लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ती विषबाधा समजून तडक रुग्णालय गाठा.

एवढं सांभाळून ते घ्यायचं कशाला? कारण मॅनिया आणि नैराश्य दोन्हींची पुनरावृत्ती ते रोखतं, आणि आत्महत्येचा धोका कमी करतं. हा शेवटचा गुण इतक्या ठळकपणे दुसऱ्या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांत दिसलेला नाही.

लिथियमशिवाय काय असतं?

व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन मूळची फिट्सची औषधं, मॅनियावर चालतात. लॅमोट्रिजिनही फिट्सचंच. ते नैराश्य परत येऊ नये म्हणून जास्त कामाचं; डोस आठवड्यांच्या अंतराने हळूहळू वाढवतात, कारण घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल ही अँटिसायकोटिक्स (मूळची भास-भ्रमांवरची औषधं) मॅनिया लवकर उतरवतात. यातल्या काहींनी वजन आणि साखर वाढते. ही तक्रार खरी आहे, ‘बहाणा’ नाही. ती डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं.

शॉक देतात ते अजून चालतं?

चालतं. भूल देऊन, स्नायू शिथिल करून देतात, सिनेमात दाखवतात तसं नसतं. औषधांना न जुमानणारं नैराश्य, खाणंपिणं बंद होणं, न उतरणारा मॅनिया, अशा वेळी उपयोग होतो. त्या दिवसांच्या आठवणी काही जणांच्या पुसट होतात.

आता बरं आहे, मग गोळ्या कशाला?

हा प्रश्न दादाने स्वतःला तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा उत्तर एकच मिळालं. गोळ्यांमुळे बरं आहे, हे आतून जाणवत नाही. छत्री डोक्यावर असताना पाऊस थांबला असं वाटावं, तसं. लिथियम एकदम बंद केलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया येण्याची शक्यता बरीच वाढते. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू, आणि घरात सगळ्यांना सांगून.

मॅनिया चढतोय असं वाटतंय. आज, आत्ता काय करू?

वाद घालू नका. मॅनियात माणसाचा युक्तिवाद तुमच्यापेक्षा तेज असतो, तुम्ही हरणार, आणि त्याचं जागरण मात्र वाढणार. वाक्यं लहान ठेवा. आवाज खाली. हसू आलं तरी त्याच्या विनोदांना रंग चढवू नका, आणि खिल्ली तर अजिबात नको. घरातली वर्दळ कमी करा: पाहुणे, मोठा टीव्ही, रात्री उशिराचे दिवे. गाडीची किल्ली आणि कार्ड यांचं आधी ठरलं असेल तसं करा. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी फोन करा. तेव्हा डोसात थोडा बदल करून निभावू शकतं, दहाव्या दिवशी भरतीच करावी लागते.

तुम्ही एकटे थोपवू शकणार नाही अशी वेळ आली, कोणाला इजा होण्याची भीती वाटली, तर तातडीची मदत बोलवा. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार नंतर करायला भरपूर वेळ मिळतो.

गोळी जेवणात कालवून गुपचूप द्यावी का, असं हमखास कुजबुजत विचारतात. नका देऊ. कधी ना कधी कळतंच, आणि मग तुमच्या हातचं पाणीही तो घेणार नाही. शिवाय किती पोटात गेली याचा पत्ता नाही.

पण तो आजारी आहे हेच मानत नाही.

तो हट्ट नसतो. आपण आजारी आहोत ही जाणीवच मॅनियात विरते. ‘तुला मॅनिया झालाय’ म्हटलं की दार बंद. ‘चार रात्री झोपला नाहीस, झोपेसाठी तरी दाखवू’ म्हटलं तर कधीकधी उघडतं. दर वेळी नाही.

मग खरा उपाय कधी करायचा?

बरा असताना. मी जे काही शिकले ते एवढंच. एपिसोडमध्ये फक्त आग विझवायची असते. कामं करायची ती मधल्या काळात, जेव्हा आजाराचं नावही काढू नये असं सगळ्यांना वाटतं.

आमचा एक कागद आहे. दादाच्या अक्षरात, त्याच्या सहीने. त्यात पहिल्यांदा त्याच्या खाणाखुणा: दिवसातून दोनदा दाढी, शाळेतल्या मित्रांना फोन, बोलताना दर वाक्याला टाळी मागणं. (तुमच्या माणसाच्या खुणा वेगळ्या असतील. पुस्तकातल्या यादीपेक्षा त्या लवकर दिसतात.) मग कोणाचं तो ऐकेल: वहिनीचं आणि एका मित्राचं, माझं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. कार्ड कोणाकडे द्यायचं. कोणतं औषध पूर्वी सोसलं नाही. कुठे भरती करायचं आणि कुठे मुळीच नाही. ऑफिसात काय सांगायचं आणि कोणाला.

शेवटचं कलम त्याने हट्टाने घातलं: “मी हसलो की लगेच ‘गोळी घेतलीस का’ असं विचारायचं नाही.” मी विरोध केला होता. हरले.

मॅनियात केलेल्या गोष्टींसाठी त्याला जबाबदार धरायचं का?

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवसांतलं बोलणं ‘मनातलं बाहेर आलं’ म्हणून धरून बसू नये, ते तसं नसतं. पण कर्ज फेडावंच लागतं, आणि जिला लागलं तिला लागलंच. आईने स्केचपेनचा विषय कधी काढला नाही. दादाने काढला, पाच महिन्यांनी, आणि माफी मागितली. माफीपेक्षा गोळ्या वेळेवर घेणं ही त्याची जबाबदारी, असं वहिनी म्हणते. तिचं बरोबर वाटतं.

नैराश्यात मरणाची भाषा केली तर?

खरी धरा. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या २० ते ३० पट असतो. सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा तातडीची सेवा, आणि हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेवा. गोळ्यांचा मोठा साठा त्याच्या हाताशी नको, लिथियमचा तर नाहीच. आणि नैराश्याचे दिवस मॅनियाच्या दिवसांपेक्षा एकूण कितीतरी जास्त असतात, फक्त ते आवाज करत नाहीत, म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

मूल होऊ द्यावं का?

देता येतं, पण ठरवून. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात बाळाला फार घातक: १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात दोष आणि ३० ते ४० मुलांत वाढीच्या अडचणी. मूल होण्याच्या वयात शक्यतो ते टाळतात. मात्र दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून सगळ्या गोळ्या स्वतःहून बंद करणं हाही धोकाच. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे नाजूक. टाइप १ असलेल्या साधारण दर पाच बाळंतिणींत एकीला प्रसूतीनंतर तीव्र मानसिक आजार होऊ शकतो. बाळाची रात्रीची पाळी दुसऱ्या कोणीतरी घ्यायची, हे आधीच ठरवा.

हा कलावंतांचा आजार आहे म्हणतात ना?

जागतिक बायपोलर दिन ३० मार्चला असतो, तो चित्रकार व्हॅन गॉगचा वाढदिवस. त्याला बायपोलर असावा असा अंदाज आहे, मेल्यानंतर केलेला. काही मोठ्या कलावंतांना हा आजार होता हे खरं, पण आजारामुळे ते मोठे झाले असं नाही. कॅलेंडरवरचे ते बाण मी जपून ठेवलेत. त्यात काहीही नाही.

आता तो नुसता खूश दिसला तरी धास्ती वाटते. काय करावं?

हा प्रश्न मी स्वतःलाच विचारते. गेल्या महिन्यात दादाला ऑफिसात बढती मिळाली. संध्याकाळी घरी आला तो मोठमोठ्याने गात, बूट एकीकडे, पिशवी दुसरीकडे. माझ्या पोटात गोळा आला. तोंडाशी आलेला प्रश्न गिळला आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजवरची वही काढली. साडेसात, सात, साडेसात, आठ. वही जागेवर ठेवली.

बाहेर आले तर म्हणतो, “बघितलीस ना?”